कच्चं म्हणता कोणाले?

दोन वर्षांमागची गोष्ट. चैत्र सरत आला होता. मी शेतातल्या घरावर चढून कवेलू फेरत होतो. वानरांनी रात्री धिंगाणा घातला होता, आठ-दहा कवेलू फुटले होते. तेवढ्यात एक पोरगा मोटरसायकलवर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. घरांची पाहणी करत फिरत होता.

खालूनच त्यानं विचारलं, "काका, भिंत कशाची?"

"मातीची."

"छप्पर?"

"कवेलूचं."

"मशीनचे कवेलू का हाताचे?"

"कुंभाराच्या हातचे."

त्यानं मोबाइलवर बोट टेकवलं. मी खाली उतरलो. "काय लिहिलं बाबू?"

"कच्चं."

मी काही बोललो नाही. उन्हातून आला होता, पाणी दिलं. तो छपरीत बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला, पोरगा उठायचं नाव घेईना. मग इकडं तिकडं पाहत म्हणाला, "काका, इथं थंडं कसं लागते? कूलर तं दिसून नाही राह्यला."

मी म्हटलं, "कच्चं हाय ना बाबू, म्हणून."

त्या पोराशी माझं भांडण नाही. त्याच्या मोबाइलात दोनच खाने होते, एक कच्चं आणि एक पक्कं. माझं भांडण त्या दोन खान्यांशी आहे. कुंभाराच्या चाकावर घडून भट्टीत भाजलेलं कवेलू कच्चं आणि मशीनमधून निघालं की तेच पक्कं, हा हिशेब कोणी घातला? आणि आपण सगळ्यांनी तो मान खाली घालून मान्य कसा केला? मान्य करणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे लिहितो आहे. दहावी शिकलेला माणूस आहे, इंजिनियर नाही. पण तीन घरांत राहून झालं आहे. एक बापानं बांधलेलं, एक मी बांधलेलं पक्कं आणि एक हे कच्चं. तेवढ्या जोरावर बोलतो.

आमच्या दारव्ह्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. नुसतं बोलण्यात नाही, जुन्या माणसांचं सारं शहाणपण या दोन शब्दांत आहे. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हात घालावा एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ती चांगली, घराला नाही. पाया खालून वर-खाली होतो आणि भिंत तडकते. पांढरी माती तशी फुगत नाही. ती चिकट असते, भिंतीला बसते. म्हणून गाव पांढरीवर वसलं आणि गावाच्या भिंतीही तिच्याच झाल्या.

बापानं घर बांधलं ते माझ्या जन्माच्या आगंमागं. तीन खोल्या, पुढे छपरी, मागे सांदवाडी. खाली गोट्यांचं जोतं, कमरेला लागेल एवढं उंच. त्यावर दीड हात रुंद भिंत. पांढरी माती, गव्हाचं कुटार आणि शेण पाण्यात भिजवून चार दिवस सडू द्यायचं, पायानं तुडवायचं, मग भिंतीचा एक रद्दा घालायचा. तो वाळला की दुसरा. घाई नाही. वर सागाचं आढं, फाटे, बांबूच्या कमच्या आणि कवेलू. कवेलूखाली माळा, त्यावर मातीचा थर. माळ्यावर कडबा, गोवऱ्या, कांदे. माय सांगायची की सुताराचा आणि कुंभाराचा हिशेब ज्वारीत झाला. बाहेरून विकत आलं ते खिळे, बिजागऱ्या आणि कडी-कोयंडे. बाकी सगळं बैलगाडीनं दिवसाच्या आत जाऊन आणता येईल एवढ्या अंतरातलं.

त्या घराला वास्तुविशारद नव्हता, पण त्यातली एकही गोष्ट उगाच नव्हती. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नव्हती, कारण उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊन तिकडूनच मारते आणि पावसाळ्यात झड तिकडूनच येते. त्या भिंतीला लागून कोठा होता. ऊन आणि पाऊस आधी कोठ्यावर, मग घरावर. कवेलूची वळचण भिंतीच्या दोन हात बाहेर, म्हणून पावसाचं पाणी भिंतीला शिवत नव्हतं. आंगणात निंब. न्हाणीचं पाणी केळीला. या घरात मी जन्मलो, याच घरात रॉकेलच्या दिव्यावर दहावीचा अभ्यास केला. दार लावलं की मे महिन्याच्या दुपारीही डोळा लागत होता.

२००९ साली मी ते पाडलं.

काहून पाडलं, हे खरं सांगतो. घर पडायला आलं नव्हतं. पोराच्या सोयरिकीचं पाहत होतो. एका ठिकाणचे पाहुणे आले, चहा घेतला, घर पाहिलं आणि निरोप पाठवला की मुलगा चांगला आहे, पण घर मातीचं आहे. दुसरे आले, त्यांनी तोंडावर सांगितलं. कपाशीला त्या साली जरा बरा भाव लागला होता. बाकीचं कर्ज काढलं. बापाचं घर पाडायला चार माणसं आणि सहा दिवस लागले. भिंत पडता पडत नव्हती, सब्बल उसळून येत होती. पाडणारा गडी म्हणाला, "दाजी, हे तं दगडावानी हाय, काहून पाडता?" मी म्हटलं, "कच्चं हाय म्हणून."

त्या जागेवर स्लॅबचं घर उभं झालं. तीन खोल्या, टाइल्स, लोखंडी खिडक्या, पुढं रंगीत खांब. पोराचं लग्न झालं. लोक म्हणाले, घर झालं बुवा आता. मलाही छाती फुगल्यासारखी वाटली, ती पुढच्या मे महिन्यापर्यंत.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ च्या वर जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. आणखी एक गोष्ट आहे, ती घर बांधताना कोणी पाहत नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली जाते. म्हणजे त्या दिवसांत ऊन सगळ्यांत जास्त कोणाला लागते? भिंतीला नाही, छताला. आणि तिथंच आपण चार-पाच इंची सिमेंटचा तवा टाकून ठेवतो. तो तवा दिवसभर तापतो आणि रात्रभर आत उष्णता सोडतो. कवेलूही तापते, नाही असं नाही. पण ते पातळ असते, दिवस मावळला की लवकर निवते, मधल्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि खाली माळा असला तर तापलेली हवा माळ्यावरच राहते. मातीच्या जाड भिंतीतून ऊन आत पोचायला अर्धा दिवस लागतो. ते पोचते तेव्हा रात्र झालेली असते आणि दारं-खिडक्या उघडी असतात. यात जादू काही नाही. जाडी आणि वेळ यांचा साधा हिशेब आहे.

माझ्या मायनं पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं, "बापू, ह्या खोलीत तं तव्यावर निजल्यावानी होते. मले कोठ्यात खाट टाकून दे."

मी आधी रागावलो. मग पंखा लावला, मग कूलर आणला. कूलर लाइनीवर चालतो आणि आमची लाइन तिच्या मर्जीवर चालते. शेवटी खाट टाकून दिली. कोठा जुनाच होता, तुराटीच्या कुडाचा, कवेलूचा. तीन उन्हाळे माझी माय ढोरांच्या कोठ्यात निजली. येणारे-जाणारे पाहत आणि मनात म्हणत असतील, कसा पोरगा आहे, स्वतः स्लॅबमध्ये आणि माय कोठ्यात. मी कोणाला काय सांगणार? २०१२ च्या पावसाळ्यात ती गेली. म्हातारी होती, आजारी होती, घरानं मारली असं मी म्हणत नाही. पण ज्या घराच्या भिंतींना तिनं जन्मभर पोतारा दिला, ते मी पाडलं आणि तिला नवीन घरात एक उन्हाळा सुखानं निजता आलं नाही, हे मी विसरू शकत नाही.

तिच्या शेवटच्या आजारात तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं होतं. दोन-अडीच आठवडे होतो तिथं. दुपारी ती निजली की मी पायी आश्रमात जाऊन बसायचो. थोर विचार करायला नाही, सावली पाहिजे होती म्हणून. आणि तिथं मला माझ्या बापाचं घर दिसलं.

गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये तिथं आले, तेव्हा त्या गावाचं नाव सेगाव होतं. शेगावच्या नावाशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जायचं, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. घर बांधायचं तर गावाजवळ मिळणाऱ्या सामानाचं, गावच्या कारागिरांच्या हातचं आणि गरिबाला परवडेल अशा खर्चातलं, ही त्यांची अट होती. १९३६ मध्येच आदी निवास उभं झालं. ज्याला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबहेननं स्वतःसाठी बांधलेली. भिंतीवर मातीतच काढलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे, ती तिच्याच हातची. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, सारवलेली जमीन. २५ ऑगस्ट १९४६ ला गांधीजी तिथून निघाले ते परत आले नाहीत. घर मात्र उभं आहे. दरवर्षी डागडुजी होते, सारवण होते, फुटलेलं कवेलू बदलते आणि नव्वदीला आलेलं ते घर पुढच्या पावसाळ्याला तयार होते. देशाची मोठमोठी माणसं त्या सारवलेल्या जमिनीवर बसून गेली. तो मोबाइलवाला पोरगा तिथं गेला असता तर त्यालाही बोट टेकवावं लागलं असतं: कच्चं.

त्या घराची गोष्ट दूरवर गेली. लॉरी बेकर नावाचा इंग्रज वास्तुविशारद १९४० च्या दशकात गांधीजींना भेटला. आदर्श घराचं सामान पाच मैलांच्या परिघातलं असावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यानं मनावर घेतलं आणि पुढं केरळात जन्मभर तशी स्वस्त, हवेशीर घरं बांधली. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच हा विचारवंत सेवाग्रामला आला, त्या कुटीत बसला आणि तिच्यावरच बोलला. सामान भरून ठेवायची जागा आणि माणसानं राहायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्याच्या बोलण्याचा मतलब. आणि वर्ध्यातच, १९७६ मध्ये डॉ. देवेंद्रकुमारांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. मातीची भिंत पाण्यात कशी टिकवायची, सागाच्या लाकडाशिवाय छत कसं करायचं, कुंभाराच्या हाताला काम कसं द्यायचं, यावर तिथं कामं झाली. कुंभारानं चाकावर घडवलेल्या शंकूसारख्या नळ्या एकीत एक बसवून कमान उभी करायची, ना लोखंड ना लाकूड, असंही छत त्यांनी केलं. आमच्यापासून हे सगळं सव्वाशे किलोमीटरच्या आत. मी मात्र सोयरिकीच्या पाहुण्यांचं ऐकून बापाची भिंत पाडली.

आता माझ्यावर जे आक्षेप येतात ते मला पाठ आहेत. एकेक घेतो.

पहिला, किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनानंतरची. लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं झोपेत गाडली गेली, हजारोंनी माणसं गेली. लोक म्हणतात, पहा, मातीच्या घरांनी मारलं. हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं पुरं खोटं होऊ शकते. तिथल्या भिंती गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या, आतला आणि बाहेरचा असे दोन थर, त्यांना आरपार बांधणारा लांब दगड नाही. आणि डोक्यावर मातीचं माळवद, टनावारी वजनाचं. हादरा बसताच भिंतीचे दोन थर अलग झाले आणि वजन खाली आलं. दोष मातीचा नव्हता, बांधणीचा आणि डोक्यावरच्या ओझ्याचा होता. आरपार दगड घाला, दारा-खिडक्यांच्या वर भिंतीभोवती एक पट्टा फिरवा, छत हलकं ठेवा, हे शिकायचं होतं. आपण शिकलो काय, तर माती वाईट. मग २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप घ्या. तिथं अहमदाबादेतल्या सिमेंटच्या उंच इमारतीही कोसळल्या आणि कच्छमधली मातीची गोल घरं, ज्यांना भुंगा म्हणतात, ती पुष्कळशी उभी राहिली. त्यावरून कोणी म्हटलं का, सिमेंट कच्चं आहे?

दुसरा आक्षेप माझ्या घरातूनच आला आणि तो मला सगळ्यांत जड वाटतो. माझी बायको म्हणाली, "तुमाले लिहाले काय जाते? सारवण आमाले करा लागते." खरं आहे. मातीचं घर बायांच्या हातांवर उभं होतं. आठवड्याला सारवण, सणाला पोतारा, पावसाळ्याआधी लिंपण. पुरुषानं वर्षातून एकदा कवेलू फेरले की तो मिरवत होता. मातीच्या घराचे गोडवे गाणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे आधी कबूल केलं पाहिजे. म्हणून शेतातल्या घरात मी जमीन शहाबादी फरशीची केली. भिंतीचा खालचा तीन हात भाग चुन्यात गिलावा केला. उरलेलं लिंपण वर्षातून एकदा, आणि ते मीही करतो. म्हातारपणी शिकलो. पहिल्या साली भिंतीवर माझ्या हाताचे ओरखडे पाहून सूनबाई हसली होती.

तिसरा, उधई आणि वानरं. उधई लागते. जोतं उंच ठेवलं, लाकूड जमिनीला टेकू दिलं नाही आणि वर्षातून एकदा नजर फिरवली तर आवाक्यात राहते. वानरांचं खरं आहे. जंगलात खायला राहिलं नाही, ते गावात आले आणि गावोगाव लोकांनी कवेलू काढून टिनं टाकली. मी त्यांना दोष देणार नाही. माझेही दर वर्षी फुटतात. पण फुटलेल्या कवेलूला दुसरं कवेलू लागते, पाच मिनिटं लागतात आणि माझेच हात लागतात. माझ्या पक्क्या घराचा स्लॅब दहाव्या वर्षी गळायला लागला, आतली सळई गंजून फुगली, खालचा गिलावा भातात खडा पडावा तसा ताटात पडला. काळ्या मातीवरच्या मागच्या खोलीला आडवी तड गेली. ती दुरुस्त करायला मिस्त्री, सिमेंट आणि पुन्हा कर्ज. कच्चं घर दर वर्षी थोडं मागते. पक्कं एकदाच मागते, पण खिसा उलटा करून मागते.

चौथा आक्षेप मी मान खाली घालून ऐकतो. एका शिक्षक मित्रानं विचारलं, "तुमचं मातीचं घर सागाचं आणि दीड हात भिंतीचं होतं. आमचं गावकुसाबाहेर कुडाचं होतं, पावसाळ्यात रात्रभर भांडी लावून बसावं लागे. आम्हाला स्लॅब मिळाला तेव्हा आम्ही माणसात आलो. आता तुम्ही सांगता माती बरी?" नाही दादा, मी तसं सांगत नाही. गळणाऱ्या कुडाचं कौतुक करणारा माणूस त्यात राहिलेला नसतो. तुमचा स्लॅब तुमच्या मानाचा आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की मान आणि सिमेंट हे एकच आहेत असं आपल्याला शिकवलं गेलं. चांगली जागा, उंच जोतं, जाड भिंत आणि न गळणारं छत हे ज्यांना तेव्हा नाकारलं गेलं, त्यांना आज तरी ते मिळावं. आणि रात्री झोपही मिळावी.

आता हे शेतातलं घर. ते २०१८ मध्ये बांधलं, दोघा म्हाताऱ्यांपुरतं. दोन खोल्या, पुढं-मागं छपरी. घर लहान असावं यावर माझा पक्का विश्वास झाला आहे. मोठं घर रिकाम्या खोल्या पोसते.

जागा पाहताना पहिलं काम केलं ते धुऱ्यावरचं मुरमाड टेकाड शोधणं. तिथं पीक येत नव्हतं, म्हणून जमीनही वाया गेली नाही. घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन घेणाऱ्या भिंती आखूड झाल्या. पश्चिमेला आधीपासून निंब आणि बोर होती, ती तोडली नाहीत, घर त्यांच्या सावलीत सरकवलं. लोक आधी जागा सपाट करतात, झाडं तोडतात आणि वास्तुशांतीच्या दिवशी कुंडीत रोप लावतात. हे मला कधी समजलं नाही.

भिंतीला माती कुठली? बापाच्या भिंतीची माती तर मी २००९ मध्येच शेतात पसरवून टाकली होती. त्या तासांत त्या साली ज्वारी काय आली होती म्हणता! उद्या माझा स्लॅब पडला तर त्याचा मलबा शेतात टाकून दाखवा. म्हणून विहिरीजवळ पाणी मुरवायचा खड्डा खणला आणि त्याच्यातच निघालेली पिवळी माती आणि मुरूम भिंतीला वापरला. कवेलू आणि सागाचे फाटे गावात जी जुनी घरं पडत होती त्यांचे घेतले. लोक कवेलू फेकून देत होते, गाडी नेली की मिळत होते. दार-चौकट बापाच्या घराची, नऊ वर्षं कोठ्यात पडून होती.

सिमेंट मी विटाळ मानत नाही. जोत्याच्या सांध्यांना आणि दारांवरच्या पट्ट्याला वापरलं. संडास-न्हाणी पूर्ण सिमेंटची केली. पाण्याच्या जागी पाण्याला सोसेल तेच पाहिजे. कोणी म्हणतं, सिमेंट तरी कुठं परदेशातून येते? चंद्रपूरकडे कारखाने आहेत, आपल्या जिल्ह्यातही वणीकडे चुनखडी आहे. जवळचंच आहे, खरं. पण ती चुनखडी साडेचौदाशे अंशांवर भाजावी लागते, कोळसा जाळून. सगळ्या जगात जो कार्बन वायू माणूस हवेत सोडतो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. माझी भिंत आमच्या मे महिन्यातल्या उन्हानं भाजली. ते फुकट होतं.

पाण्याचा हिशेब सांगतो. वळचणीसकट छप्पर सहाशे चौरस फूट, म्हणजे पंचावन्न चौरस मीटर. आमच्याकडे पाऊस साधारण नऊशे मिलिमीटर. गुणाकार करा, पन्नास हजार लिटरच्या जवळ जाते. कवेलूनं प्यायलं, सांडलं, उडालं म्हणून पाव भाग सोडा. तरी सदतीस हजार लिटर पन्हाळीतून गिट्टी-रेतीच्या खड्ड्यात जाऊन विहिरीजवळ मुरते. न्हाणीचं पाणी केळी आणि अळूला. बापाच्या घरी हेच होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. आता त्याला शाश्वत घर म्हणतात आणि शहरातले लोक ते पाहायला तिकीट काढून जातात.

शेवटचं सांगतो, ते घरकुलाचं. आमच्या गल्लीत एक विधवा काकू आहे. दोन खोल्यांचं मातीचं घर, भिंती धडधाकट, फक्त छप्पर गेलेलं. घरकुल मंजूर झालं. तिला छपरापुरते पैसे पाहिजे होते. तसं जमत नाही, नवीन पक्कं बांधावं लागते, असं तिला सांगण्यात आलं. तिनं भिंती पाडल्या. एक लाख वीस हजारात घर होते का? जोत्याचा फोटो, मग हप्ता. सज्ज्याचा फोटो, मग हप्ता. मधल्या खर्चाला बचत गटाचं कर्ज. आज ती स्लॅबखाली राहते आणि उन्हाळ्यात आंगणात निजते. एकटी बाई, आंगणात.

आणि यातली गंमत ऐका. २०१६ पासूनच्या त्या योजनेची जी पुस्तिका आहे, तिच्यात पक्कं म्हणजे सिमेंट असं लिहिलेलंच नाही. रोजचा वापर आणि ऊन-पाऊस सोसून, साधी डागडुजी करून तीस वर्षं टिकेल ते पक्कं, अशी तिथं व्याख्या आहे. स्थानिक हवामानाला योग्य सामान वापरा असंही आहे. सरकारनं 'पहल' नावाचं पुस्तकही काढलं, त्यात राज्याराज्यांतल्या घरांचे स्थानिक सामानाचे नमुने आहेत. आमच्या गावात ते कोणी दाखवलं नाही. म्हणजे कागद शहाणा आहे, पण गावापर्यंत येता येता तो दोन खान्यांचा होऊन जातो. त्या व्याख्येनं मोजलं तर बापाचं घर दीड पटीपेक्षा जास्त पक्कं होतं. मी ते कच्चं समजून पाडलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिथं भिंत धड आहे तिथं छपराला पैसे द्या, पाडायला लावू नका. ज्याला माती-कवेलूचं घर पाहिजे त्याला त्याच पैशात ते बांधू द्या, वर एक पट्टा आणि उंच जोतं सक्तीचं करा. तालुक्यात चार मिस्त्री तरी मातीचं काम शिकलेले तयार करा, आणि बायांना शिकवा ते फक्त सारवण नको, मजुरी मिळेल असं बांधकाम शिकवा. कुंभार संपायला आले आहेत, ते संपण्याआधी करा. येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. दोनदा मांडला, दोनदा लोक हसले. तिसऱ्यांदा मांडीन.

मोठा पोरगा अजून गावातल्या स्लॅबच्या घरात राहतो. त्याला माझं हे बोलणं आवडत नाही, म्हणतो, "बाबा, तुमी आमाले मागं नेऊन राह्यले." पण एप्रिल लागला की दोन्ही नातवंडं शेतात निजायला येतात. मागच्या मे महिन्यात एका रात्री लाइन गेली तेव्हा तोही आला. सतरंजी घेऊन छपरीत आडवा झाला. काही बोलला नाही, मीही काही बोललो नाही. सकाळी ऊन वर आलं तरी तो निजलेला होता.